मे महिन्याचं बिल ३४२ युनिटवरून २५४ वर: स्मार्ट प्लग, कूलर आणि आमचा जुना फ्रिज

वहिनी_आर्वी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी मे महिन्याचं आमचं बिल ३४२ युनिटचं होतं. यंदाच्या मे महिन्याचं परवा हातात पडलं, २५४ युनिट. माणसं तेवढीच, ऊन तेवढंच, कूलरही तोच. वर्षभरात काय काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. व्हिडिओ सापडायचे ते सगळे शहरातल्या फ्लॅटचे. त्यात लोक बोलून दिवे लावतात. आमच्याकडे दिव्यांचा प्रश्नच नाही, सगळे एलईडी मिळून महिन्याला बारा युनिटसुद्धा होत नाहीत.

आधी घर सांगते. आर्वी तालुक्यातलं गाव. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागे स्वयंपाकघर टिनाचं, त्याच्या मागे गुरांचा कोठा. आम्ही सहा जण. सासरे तीन वर्षांपासून खाटेवर आहेत, डाव्या अंगाला वारा गेलेला. त्यामुळे एप्रिल ते जून मधल्या खोलीतला कूलर जवळजवळ बंदच होत नाही. तो बंद करून पैसे वाचवायचे नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

आता बिलाचं. पहिल्या १०० युनिटचा दर कमी. १०१ ते ३०० ला तो जवळजवळ दुप्पट होतो आणि ३०० च्या वर आणखी चढतो. शिवाय वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आमचे वरचे ४२ युनिट सगळ्यात महाग पडत होते. शंभराच्या आत आम्ही मे महिन्यात कधीच येणार नाही, पण ३०० ची रेघ गाठता येईल असं वाटलं, आणि एवढंच ध्येय ठेवलं.

वीज मोजणारे दोन स्मार्ट प्लग घेतले, १६ अँपिअरचे. एकेका वस्तूला तीन-तीन दिवस लावून ठेवायचे आणि रोज रात्री वहीत आकडा लिहायचा. जे निघालं ते असं: कूलर पंपासकट १९० वॅट, दिवसाला वीस तास, म्हणजे महिन्याला ११४ युनिट. हा अंदाज होताच. तीन पंखे जुने, ७५ वॅटचे. ते प्लगवर मोजता येत नाहीत म्हणून पाटीवरचा आकडा धरला, ८१ युनिट. विहिरीवरची घरची मोटार २५. टीव्ही १२. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स ७, आणि तो रिमोटने बंद केल्यावरही तेवढेच दहा वॅट खातो हे त्या दिवशी कळलं.

आणि फ्रिज ७८! हा आकडा मला पटेना. प्लग चुकतोय म्हणून दुसरा लावून पाहिला. तोच आकडा. मग ॲपमधला आलेख उघडून बसले. फ्रिजचा आलेख दातेरी दिसायला हवा, कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो, मग थांबतो. आमचा पहाटे तीन ते पाच एवढाच काय तो थांबायचा. बाकी दिवसभर १२० वॅटची सरळ रेघ. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. वरच्या बाजूला घट्ट बसली, खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र अलगद सरकून हातात आली. रबर तिथे कडक होऊन उचललं गेलं होतं. मेकॅनिककडून रबर बदलून घेतलं, फ्रिज गॅसच्या ओट्यापासून हलवून भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. दिवसाचे २.६ युनिट होते ते १.९ वर आले. महिन्याचे २१ युनिट एका रबरापायी जात होते.

पंख्यांपैकी दोन बदलून कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, म्हणजे बीएलडीसी घेतले. ते ३० वॅटच्या आसपास चालतात, दोन्ही मिळून ३२ युनिट कमी झाले. खर्चाची मोठी बाब तीच, पण जास्त फरकही त्यानेच पडला.

कूलरला प्लगवर वेळ लावली. पहाटे ३ ला बंद, ७ ला चालू. आधी १ वाजताची लावली होती, तर सासरे घामाने जागे झाले. त्यांना हाक मारायलाही त्रास होतो. दुसऱ्याच दिवशी ३ केली. आमच्याकडे तीननंतर हवा उतरते, पंखा पुरतो. पूर्वी मी त्यासाठी उठायची, किंवा उठायची राहून जायची. याचे २३ युनिट.

मोटारीला टाकी भरली की बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला. आधी टाकी वाहायला लागली की कुणीतरी ओरडायचं, मग मोटार बंद. पाऊण तासाचा अर्धा तास झाला. विजेचे आठच युनिट, पण उन्हाळ्यात विहीर खोल गेलेली असताना वाहून जाणारं पाणी वाचलं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

विचारा काय विचारायचं ते. फोटो काढून ठेवले आहेत.

पोट्टा_दर्यापूर

वहिनी, लय चांगलं लिवलं तुमी. पन मले एक सांगजा. आमच्या इकडं लाईन दिवसातून चार डाव जाते. घरी राऊटर नाई, पोराच्या मोबाईलचं नेट हाय. पोरगा कॉलेजात गेला का नेट बी गेलं. मंग थे टायमिंग कसं चालन? अन् लाईन आल्यावर थो प्लग चालू होते का बंद रायते?

वहिनी_आर्वी

भाऊ, दोन्ही गोष्टींनी मी सुरुवातीला फसले आहे.

लाईन आल्यावर काय करायचं ते ॲपमध्ये ठरवता येतं. तीन पर्याय असतात: चालू व्हावं, बंद राहावं, की आधी होतं तसं राहावं. कूलरला "आधी होतं तसं" ठेवा. पाणी तापवायचं काही असेल तर "बंद" ठेवा, नाहीतर घरात कुणी नसताना रॉड रिकाम्या बादलीत पेटेल.

वेळेचं असं आहे की बहुतेक प्लग वेळापत्रक स्वतःजवळ जपून ठेवतात, नेट नसलं तरी चालतं. पण त्यांच्यात घड्याळाचा सेल नसतो. लाईन गेली की घड्याळ विसरतात आणि परत नेट मिळेपर्यंत किती वाजले ते त्यांना कळत नाही. म्हणून मुलाच्या मोबाईलच्या नेटवर हे नीट चालणार नाही. मी राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे, लाईन गेली तरी तो तीन तास काढतो. राऊटर घ्यायचाच नसेल तर सेल असलेला साधा डिजिटल टायमर घ्या. त्याला नेट लागत नाही आणि लाईन गेली तरी घड्याळ चालू राहतं. कूलरसाठी तो पुरेसा आहे.

आणखी एक, हे प्लग २.४ गीगाहर्ट्झच्याच वायफायवर जोडले जातात. राऊटरवर ५ गीगाहर्ट्झ सुरू असेल तर मोबाईल त्यावर जाऊन बसतो आणि प्लग काही केल्या जोडला जात नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

तारमास्तर_पुसद

ताई, मोजमाप पाहून आनंद झाला. एकतीस वर्षं घरांच्या वायरिंगची कामं केली. लोक बिल जास्त आलं म्हणतात, पण घरात काय किती खातं हे मोजलेलं घर मी क्वचित पाहिलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली पाणी, ओली फरशी आणि अनवाणी माणूस. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात यात जीव जातात, लहान लेकरांचे जास्त. स्मार्ट प्लग यापासून वाचवत नाही. तो वीज मोजतो आणि चालू-बंद करतो, बस. वाचवते ती दोन गोष्टींची जोडी: नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाईन तोडणारा स्विच. आधी ते बसवा, मग प्लग घ्या. ॲपवरून कूलर बंद केला म्हणून त्यात हात घालू नका. पाणी भरताना, ताट्या बदलताना पिन बोर्डातून बाहेर काढायची.

अर्थिंगचंही आपल्याकडे वेगळं आहे. काळी माती मे महिन्यात भेगाळते, रॉडपासून सुटते आणि वाळून कोरडी पडते. पावसाळ्यात तपासलेली अर्थिंग उन्हाळ्यात निकामी असू शकते, आणि कूलर तर उन्हाळ्यातच चालतो. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. याला काही पैसे लागत नाहीत.

जिनिंगवाला_हिंगणघाट

मास्तरांच्या बोलण्यात माझी भर. मी एक एचपीची मोटार १० अँपिअरच्या प्लगवर लावली होती. हिशेब केला की एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, प्लग २३०० वॅटपर्यंतचा, चालेल. महिनाभर चाललंही. मग एका रात्री ॲपवर "बंद" दिसत होतं आणि मोटार चालूच. सकाळी अंगणात गुडघाभर चिखल आणि प्लग काळा पडलेला. माझी चूक की प्लगची, मला अजून समजलेलं नाही.

तारमास्तर_पुसद

भाऊ, मोटार सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. प्रत्येक वेळी प्लगच्या आतल्या रिलेच्या, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या टोकांवर ठिणगी पडते. एक दिवस ती टोकं चिकटून बसतात, मग ॲप काही का म्हणेना, वीज चालूच राहते. मोटारीसाठी मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा चुंबकी स्विच टाका. प्लगने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. रॉड आणि गिझरला सुरुवातीचा झटका नसतो, पण भार मोठा असतो, तिथे १६ अँपिअरच हवा. आणि ज्या बोर्डात पिन ढिली बसते तिथे काहीच लावू नका, आधी सॉकेट बदला.

कोड_बडनेरा

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वहिनींनी पंख्यांचा आकडा पाटीवरून धरला असं लिहिलंय, म्हणून सांगतो. पंखा, मोटार, काहीही एक रुपया खर्च न करता मोजता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याजवळ बहुतेक मीटरवर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो.

३२०० चा मीटर असेल तर एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि १८.७५ ने गुणा. आले तेवढे वॅट. मिनिटाला ८ वेळा म्हणजे १५० वॅट. १६०० चा असेल तर ३७.५ ने गुणायचं. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा लावा आणि पाच मिनिटं मोजून सरासरी काढा. रेग्युलेटर कमी केल्यावर किती फरक पडतो तेही दिसेल.

मी त्या दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर आणि ईएसपी३२ चा बोर्ड, म्हणजे वायफाय असलेला चिमुकला संगणक लावलाय. आमच्या घरातला जुना लॅपटॉप त्याचा आलेख काढतो, सगळं घरातल्या घरात, बाहेरच्या कुठल्या कंपनीला माहिती जात नाही. सेन्सर फक्त काचेवर बाहेरून चिकटवायचा. मीटरच्या सीलला कुणीही हात लावू नका, २००३ च्या वीज कायद्यात तो गुन्हा आहे.

माई_अंजनगाव

माझं वय ६८. नातवाने हा धागा वाचून दाखवला आणि मी सांगते ते तो लिहितोय.

आमच्या घरी त्याने दोन वर्षांपूर्वी असे प्लग लावले आणि मी रोज ते भिंतीवरच्या बटणाने बंद करायची. जन्मभराची सवय, खोलीतून निघाले की बटण खाली. बटण बंद झालं की त्याचा प्लग मेला, मग वेळापत्रक कुठलं? तो चिडायचा, मी रडकुंडीला यायची. शेवटी त्याने बोर्डाच्या आत बसणारा छोटा रिले आणला. आता बटणही चालतं आणि मोबाईलही चालतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे ध्यानात ठेवा. घर आमचंही आहे, बटण आम्हालाही दाबता आलं पाहिजे.

दुसरं सांगते. आधी घर थंड करा, मग यंत्र आणा. आम्ही दर चैत्रात स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारतो. पांढऱ्या छतावर दुपारी अनवाणी उभं राहता येतं, शेजारच्या काळ्या छतावर पाय ठेववत नाही. त्या खोलीत कूलर मधल्या वेगावर पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी बांधतो, आतून पडदा लावला तर ऊन आत आलेलंच असतं. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. लोक सगळं गच्च बंद करतात आणि म्हणतात कूलर गार करत नाही.

धानवाला_ब्रह्मपुरी

माई, अगदी बरोबर. आमच्या पूर्वेकडे तळ्यांचा भाग, जूनचा पहिला पाऊस पडला की कूलर चिकचिक करतो. हवेतच ओल असली की पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा कसा येणार? मी खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारा सेन्सर ठेवला आहे. आर्द्रता ६० च्या वर गेली की कूलरचा पाण्याचा पंप आपोआप बंद, फक्त पंखा चालू. विजेची बचत किरकोळ आहे, पण घरातलं अंथरूण ओलसर होत नाही आणि आईचे गुडघे कमी दुखतात.

संत्रा_वरुड

या सगळ्यात सौर राहिलं. पीएम सूर्यघर योजनेतून आम्ही २ किलोवॅट बसवलं. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. आम्हाला ६०,००० मिळाले. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो.

दोन गोष्टी आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. लाईन गेली की हे सौरही बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता ऊन तापलेलं असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. ते योग्यच आहे, पण मला वाटलं होतं लाईन गेली तरी कूलर चालेल. दुसरं, मे महिन्यातलं ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं सरळ नसतं. पॅनल तापलं की २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन एक तृतीयांश टक्क्याने किंवा थोडं जास्त घटतं, आणि वरून धूळ. आमच्या शेताच्या रस्त्याची धूळ बसली की ॲपमधला दिवसाचा आकडा खाली येतो. दहा दिवसांनी सूर्य उगवण्याआधी साध्या पाण्याने धुतो. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका.

वहिनी_आर्वी

संत्रा दादा, सौरचं आमच्याही मनात आहे. पण मला वाटतं आधी वापर खाली आणावा, मग किती किलोवॅट लागेल ते ठरवावं. ३४२ वर तीन किलोवॅटचा विचार करत होतो, २५४ ला दोनच्या आसपास भागेल.

ज्यांच्याकडे नवे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर धरणारे मीटर लागलेत त्यांच्यासाठी: महावितरणच्या टीओडी मीटरवर घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सूट आहे. आमची मोटार आता सकाळी सहाऐवजी साडेनऊला लावते, इस्त्री आणि वॉशिंग मशीनही दुपारीच. शेतपंपांना साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाल्यापासून गावात सगळे म्हणतात की आता विजेची काळजी नाही. पण घरचं मीटर वेगळं आहे आणि घरचं बिल बाईच्या हातात येतं. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं केंद्र आपल्याच मातीतला कोळसा जाळतं, आपल्याच अंगणात राख पडते. ती वीज फ्रिजच्या फाटक्या रबरातून वाया जावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोट्टा_दर्यापूर

कोड भाऊ, तुमी सांगतलं तसं काल रात्री मोजलं. माया मीटर ३२०० चाच हाय. घरातले सगळे बटनं बंद केले, फ्रिजची पिन काढली, इन्व्हर्टर बी बंद केलं, टीव्हीच्या बी पिना काढल्या. तरी दिवा लुकलुकून रायला! मिनिटाले चार डाव. तीन वेळा मोजलं, चारच. ७५ वॅट कोन खाऊन रायलं मंग? मीटर खराब हाय का?

कोड_बडनेरा

दादा, मीटर खराब म्हणण्याआधी एकेक एमसीबी पाडून पाहा. कुठला पाडल्यावर दिवा थांबतो ते सांगा. ७५ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ५४ युनिट.

पोट्टा_दर्यापूर

मागचा पाडला का थांबते. थ्या एमसीबीवर फक्त कोठ्यातला एक बल्ब हाय, अन् थो बी बंद होता. वायर जुनी हाय, बाबांच्या टायमाची, भिंतीतून गेली हाय. एक गोष्ट ध्यानात आली ती सांगतो. मृगाचा पाऊस पडल्यापासून आमची गाय कोठ्यातल्या टाक्यावर पानी पीत नाई. तोंड लावते अन् मांगं सरकते. आमाले वाटलं बिमार हाय. डॉक्टरले बी दाखोलं, थे म्हनत कायीच नाई.

तारमास्तर_पुसद

भाऊ, हे वाचताक्षणी उठा आणि तो एमसीबी पाडून ठेवा. नुसता बल्बचा बटण बंद करून चालणार नाही. लेकरांना कोठ्यात जाऊ देऊ नका.

ती वायर भिंतीत उघडी पडली आहे, उंदराने कुरतडली असेल किंवा वरचं आवरण तडकलं असेल. भिंत ओली झाली की वीज ओलीतून जमिनीत उतरते. ७५ वॅट म्हणजे ०.३३ अँपिअर, आणि आरसीसीबी ०.०३ ला तुटतो तो माणूस वाचावा म्हणून. तुमच्या भिंतीतून त्याच्या दहापटीहून जास्त वाहतंय. जनावराचे चारही पाय उघडे, ओल्या जमिनीवर, आणि तोंड पाण्यात. माणसाला चपलेतून जे कळत नाही ते गाईला आधी कळतं. ती आजारी नाही, तिला झटका बसतोय.

जुनी वायर दुरुस्त करत बसू नका, ती दोन्ही टोकांनी तोडून टाका. नवी वायर भिंतीत नको, पाईपमधून वरून न्या. मेनजवळ आरसीसीबी बसवून घ्या, आणि बसवल्यावर त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. खटकन पडला तरच तो जागा आहे. काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

पोट्टा_दर्यापूर

पाडला काका. कुलूप लावलं कोठ्याले. गाय बाहेर लिंबाखाली बांधली.

वहिनी_आर्वी

भाऊ, काम झालं की इथे नक्की कळवा. जीवाला घोर लागला आहे. मी पण आज रात्री आमच्याकडे सगळं बंद करून दिवा मोजणार आहे. वर्षभर प्लग लावून मोजत बसले, पण भिंतीत जे जातं ते प्लगला कसं दिसणार? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पोट्टा_दर्यापूर

तीन दिवसांनी लिवून रायलो. वायरमन आला होता. टाक्याच्या वर हातभर अंतरावर वायर सोललेली निघाली, तांबं हिरवं पडलं होतं. जुनी तोडली, नवी पाईपातून नेली. आरसीसीबी बसोला, बटन दाबून पायलं, पडला. रात्री सगळं बंद करून मीटर पायलं, दहा मिनिटं उभा होतो, दिवा एक डाव बी लुकलुकला नाई.

गाय पयल्या दिवशी टाक्याजवळ जायेच ना. मायनं हातात पानी घेऊन तिच्या तोंडाले लावलं, मंग बादलीनं पाजलं. आज सकाळी सोतानं गेली. उभी रायली जरा वेळ, वास घेतला, अन् मंग अर्धं टाकं रिकामं केलं.

तारमास्तर_पुसद

शाब्बास. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा, बिल येतं त्या दिवशी दाबायचं ठरवा म्हणजे विसरणार नाही. वहिनी, तुमच्याकडे किती वेळा लुकलुकला?

वहिनी_आर्वी

काका, सगळं बंद केल्यावर पाच मिनिटांत दोनदा. शोधलं तर यूपीएस आणि राऊटर काढायचे राहिले होते. ते काढल्यावर शून्य. उद्या तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकते आणि सासऱ्यांच्या खोलीतलं कूलरचं सॉकेट बदलून घेते, पिन तिथे जरा ढिलीच बसते.